काटेसाहेबांचे अठ्ठ्याण्णव किलो

काटेसाहेबांनी आयुष्यात एकदाच वजन खोटं सांगितलं, आणि तेही स्वतःचं. इतर कुणी हा प्रकार दिवसातून चार वेळा केला तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण काटेसाहेब होते वजनमापे खात्याचे निरीक्षक. एकतीस वर्षं बाजारात फिरून त्यांनी लोकांचे तराजू तपासले, खोटी वजनं जप्त केली, खऱ्या काट्यांना तार बांधून शिशाचे शिक्के मारले. ते लांबून येताना दिसले की भाजीवाल्यांचे अंगठे पारड्यावरून आपोआप उचलले जात. काटेसाहेब हे नावही बाजारानेच ठेवलेलं. खरं नाव फक्त पगारपत्रकाला आणि सासुरवाडीला ठाऊक होतं.

सगळ्याला सुरुवात झाली ऑफिसच्या जीपपासून. ही जीप एका फटक्यात सुरू झाली तर ऑफिसातली माणसं खिडकीशी येऊन बघत. एक दिवस ती कायमची निकालात निघाली आणि दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे नव्याने आलेल्या प्रमुख अधिकाऱ्यांनी, फळ्यावर नोटीस लावली. बाजाराची फेरी यापुढे त्यालाच मिळेल, ज्याच्याकडे स्वतःचं वाहन आणि ते ठेवायची सोय, दोन्ही आहे. तीन आठवड्यांच्या आत वाहन बाईंसमोर चालवून दाखवायचं. ज्याला जमणार नाही त्याने अभिलेख कक्षात बसायचं.

अभिलेख कक्ष म्हणजे तळमजल्यावरची बिनखिडकीची खोली. तिथे एकदा गेलेला कागद परत वर आल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं, आणि माणसांचाही अनुभव फारसा वेगळा नव्हता. काटेसाहेबांच्या निवृत्तीला चौदा महिने उरलेले. शेजारच्या टेबलावरच्या किडकिडीत सहकाऱ्याकडे मात्र स्कूटर होती, आणि ती ठेवायला ऑफिससमोरच मेव्हण्याचं दुकान. हा गृहस्थ काटे तपासायचा ते चहाच्या दुकानात बसून. समोरच्या दुकानदाराने लांबून मान हलवली की काटा पास. अशा माणसाच्या हाती आपला बाजार जाणार, या विचाराने काटेसाहेबांचं दोन दिवस जेवणावरून लक्ष उडालं. निदान ते तसं म्हणत होते. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पातेली रिकामी बघितली होती.

काटेसाहेबांना स्कूटर येत नव्हती. तरुणपणी परवान्याच्या परीक्षेत त्यांनी स्कूटर थेट परीक्षकांच्या टेबलापर्यंत नेली होती, आणि परीक्षक टेबलाच्या पलीकडे होते म्हणून बचावले. तेव्हापासून तो विषय घरात निघत नसे.

मार्ग सुचवला समोरच्या दारातल्या हेडमास्तरांनी. हेडमास्तर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. वर्ग सुटला होता, शिकवणं सुटलं नव्हतं.

"घडीची सायकल घ्या, विजेवरची," ते दारातूनच म्हणाले. "परवाना नको, पेट्रोल नको. दुमडली की एवढीशी होते. टेबलाखाली सरकवून द्यायची."

"तुम्ही चालवलीये का, मास्तर?"

"मी कशाला चालवू? मी वाचलंय."

आपल्याकडे सल्ला देणाऱ्याला अनुभवाची अट नसते, नाहीतर निम्मी लग्नं झाली नसती आणि उरलेली निम्मी मोडली असती. रविवारी तिघंही दुकानात गेले. हेडमास्तर मार्गदर्शनाला आणि काकू लक्ष ठेवायला.

दुकानात घडीच्या दोन सायकली होत्या. एक निळी, चमकदार, सुबक, बघितल्याबरोबर वय दहा वर्षांनी कमी करणारी. दुसरी करडी. जाड नळ्या, जाड आरे, रुंद सीट, एकूण रूप दवाखान्यातल्या खाटेच्या सख्ख्या बहिणीसारखं. तिच्यावर पाटी होती, 'भारी स्वारांसाठी, एकशे चाळीस किलोपर्यंत.' निळीवर एवढंच लिहिलं होतं, 'कमाल भार शंभर किलो.'

काउंटरमागच्या मुलीने अदबीने विचारलं, "काका, स्वाराचं वजन किती?"

बाजूला एक सडपातळ जोडपं घंटी वाजवून बघत होतं. प्रश्न ऐकल्यावर त्यांनी वाजवणं थांबवलं. काटेसाहेबांनी निळ्या सायकलीकडे पाहिलं, करड्या सायकलीकडे पाहिलं, आणि गंभीर आवाजात म्हणाले, "अठ्ठ्याण्णव."

शंभर न सांगता अठ्ठ्याण्णव का, तर अगदी मर्यादेला टेकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शिवाय हा आकडा हवेतून काढलेला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी खात्याच्या वैद्यकीय तपासणीत त्यांचं वजन खरोखर अठ्ठ्याण्णव भरलं होतं. काट्याचा शिक्का दर वर्षी नवा करून घ्यायचा असतो, हे ते एकतीस वर्षं दुकानदारांना बजावत आले होते आणि न ऐकणाऱ्यांना दंड करत आले होते. स्वतःचा शिक्का मात्र त्यांनी अकरा वर्षं तसाच चालवला होता.

काकूंनी एकदा नवऱ्याकडे आणि मग छताच्या पंख्याकडे पाहिलं. निळी सायकल घरी आली.

आता घडीची सायकल दुमडायची म्हणजे तीन खटके. एक मधल्या सांध्याचा, एक हँडलचा, एक सीटचा. हेडमास्तरांनी माहितीपुस्तिका हातात घेऊन अंगणात वर्ग भरवला. "पायरी क्रमांक चार. डाव्या हाताने खटका दाबून धरावा, उजव्या हाताने सांधा मोकळा करावा." काटेसाहेबांचे दोन्ही हात पायरी क्रमांक तीनमध्येच अडकले होते. दुमडताना सायकल अर्ध्यात थांबली की ना सायकल दिसते ना सामान. आणि तिच्याशी झटणारा माणूस, विशेषतः तो सरकारी अधिकारी असेल तर, फार एकटा पडतो. तीन संध्याकाळी गेल्या, एक अंगठा निळा झाला, आणि चौथ्या दिवशी सायकल एका मिनिटात दुमडायला लागली.

ऑफिसची गोष्ट निराळी. पहिल्या दिवशी ते दुमडलेली सायकल घेऊन लिफ्टमध्ये शिरले. आत सहा माणसं होती. लिफ्टने घंटा वाजवायला सुरुवात केली. सहाही जणांनी काटेसाहेबांकडे पाहिलं. काटेसाहेबांनी सायकलीकडे पाहिलं. मग ते खाली उतरले, घंटा थांबली, दार लागलं. बंद दारावर पाटी होती, 'आठ माणसे, ५४४ किलो.' म्हणजे माणशी अडुसष्ट. सवयीने त्यांनी मनात भागाकार करायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला. त्या दिवसापासून ते सायकल घेऊन जिना चढू लागले, आणि सगळ्यांना सांगू लागले की व्यायामही होतो.

पहिला खरा घोळ झाला तो सीटचा. घरून निघताना सीट बरोबर उंचीवर असे. पण रस्ताभर ती नळीत इतकी हळूहळू खाली जाई की स्वाराला कळत नसे. ऑफिस येईपर्यंत काटेसाहेबांचे गुडघे छातीला लागलेले असत आणि ते त्याच भारदस्त मुद्रेने पायडल मारत असत. बाजारातले लोक आदराने बाजूला होत आणि ते पुढे गेले की एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून हसत.

मागच्या गल्लीत एक मिस्त्री होता. सायकली, वेल्डिंग, लोखंडी दारं, काय म्हणाल ते करायचा. माणूस कमी बोलणारा आणि कामाचा पक्का. त्याची वही म्हणजे दुकानाची भिंत. तिच्यावर खडूने हिशेब मांडल्याशिवाय तो पान्याला हात लावत नसे. त्याने विचारलं, "साहेब, वजन?"

"अठ्ठ्याण्णव."

मिस्त्रीने एकदा त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. पण वजनाचा आकडा सांगत होते काटेसाहेब. अख्ख्या बाजारात त्यांच्या आकड्याला कुणी प्रतिप्रश्न केला नव्हता. त्याने भिंतीवर लिहिलं, '९८, अधिक पिशवी ४,' आणि त्या हिशेबाने सीटच्या नळीला आतून दुसरी नळी बसवून दिली. ती पाच दिवस टिकली.

मग तुटले आरे. मागच्या चाकाचे, रोज एक. तुटताना असा टणत्कार होई की शेजारून जाणारा माणूस दचकून आधी स्वतःची हाडं चाचपे. मिस्त्रीने अठ्ठ्याण्णव किलोंना पुरून उरतील असे आरे बसवले, तेही तुटले. त्याने परत भिंतीवर हिशेब मांडला, परत मांडला, खडू बदलून मांडला. हिशेब चुकत नव्हता, म्हणजे मालच खराब. तो उठला आणि ज्याच्याकडून वीस वर्षं आरे घेत होता त्या दुकानदाराशी भांडून आला. काटेसाहेब हे सगळं स्टुलावर बसून ऐकत होते. स्टूलही काहीतरी म्हणत होतं.

"तुम्ही काळजी करू नका साहेब," मिस्त्री म्हणाला. "माल फसवतो, वजन फसवत नाही."

त्या वाक्यावर काटेसाहेब स्टुलावरून उठले. त्यांनी पाणी मागितलं आणि विषय हवेकडे वळवला. टायरमध्ये हवा जास्त भरायची की कमी, यावर हेडमास्तरांचं म्हणणं होतं की जास्त, आणि हेडमास्तरांच्या सौभाग्यवतींचं म्हणणं होतं की सायकल विकून टाकायची.

तिसरा प्रकार पुलावर घडला. ऑफिसच्या वाटेवर एक चढाचा पूल होता. मोटर अर्ध्या चढापर्यंत गुणगुणत जाई, मग कण्हू लागे, आणि पुलाच्या बरोबर मध्यावर बंद पडे. तापली की ती आपणहून थांबते, असं पुस्तिकेत होतं. पायरी क्रमांक नव्हता एवढंच. काटेसाहेब उतरून सायकल ढकलू लागले. मागून लोखंडी सळ्यांची हातगाडी आली आणि गाडी ओढणारा म्हातारा त्यांना ओलांडून पुढे गेला. जाता जाता म्हणाला, "द्या साहेब, मागे बांधतो." काटेसाहेबांनी मान हलवून नकार दिला. हा नकार देताना त्यांना धाप लागली होती, त्यामुळे त्यात हवा तेवढा बाणेदारपणा आला नाही.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात सगळ्यांच्या आधी अर्धा तास पोचले. चाचणीच्या खोलीत खात्याचा काटा होता, ज्याच्यावरून गावातले सगळे काटे तपासले जात. त्यांनी शिस्तीप्रमाणे आधी विसाची पाच वजनं ठेवून काटा तपासला. शंभर म्हणजे शंभर. मग बूट काढले, चष्मा काढला, घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, आणि चढले. एकशे अठरा. उतरून परत वजनं ठेवून बघितली, न जाणो गेल्या दोन मिनिटांत काटा बिघडला असेल. शंभर म्हणजे शंभर. परत चढले. एकशे अठरा. तिसऱ्या वेळी त्यांनी श्वास रोखून धरला. श्वासाला वजन नसतं हे त्यांना माहीत होतं, पण माणूस आशा सोडत नाही.

आता मिस्त्रीला जाऊन सांगायचं, एवढंच काम होतं. दोन मिनिटांचं. पण वीस वर्षांचा व्यवहार मोडून आलेल्या माणसाला काय तोंडाने सांगणार? आणि एकतीस वर्षांत ज्याचा आकडा कधी चुकला नाही, त्याने आपला आकडा वीस किलोंनी चुकला म्हणून सांगायचं? ते रोज गल्लीच्या तोंडापर्यंत जात, घसा खाकरत, आणि पुढचं काम निघाल्यासारखं करून परत फिरत.

मुदतीला एक दिवस उरला आणि मागच्या चाकाची रिमच तडकली. मिस्त्रीने हात टेकले. "चाकच नवं पाहिजे, मोटरसकट. हे कंपनीने द्यायला हवं, हमीत आहे." त्याने स्वतः फोन करून कंपनीच्या माणसाला बोलावलं.

कंपनीचा माणूस आला तो फॉर्म घेऊनच. टापटीप, गळ्यात ओळखपत्र. "स्वार शंभर किलोंच्या आत असेल तर चाक आत्ता बदलून देतो, गाडीत आहे. पण वजनाचा पुरावा लागेल. वजनमापे खात्याचा शिक्का असलेल्या काट्यावरच करायचं, आणि खाली खात्याच्या निरीक्षकाची सही."

"निरीक्षक हेच आहेत," मिस्त्री अभिमानाने म्हणाला.

कंपनीच्या माणसाने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. स्वार आणि निरीक्षक एकच असला तर काय करायचं, ते त्यात नव्हतं.

"आणि काटाही शेजारीच आहे," मिस्त्री म्हणाला. "यांच्याच शिक्क्याचा."

शेजारी भंगारवाल्याचं दुकान होतं. दारातच लोखंडी पाट्याचा मोठा काटा, त्यावर आकडे दाखवणारी पेटी, पेटीला तार, तारेला शिक्का. काटेसाहेबांनीच सात महिन्यांपूर्वी मारलेला. एवढ्यात काय चाललंय ते बघायला काकू आल्या, काकू आल्या म्हणून हेडमास्तर आले, आणि हेडमास्तर कुठे चाललेत हे बघायला अर्धी गल्ली आली. पळायला वाट राहिली नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना काट्यासमोर उभं केलं, तो काट्यावर चढण्यासाठी बुटांच्या नाड्या सोडू लागला. आता आकडा दिसणार, मिस्त्रीला कळणार, गल्लीला कळणार, चाक जाणार, उद्याची परीक्षा जाणार आणि परवा अभिलेख कक्ष. ते चढले आणि त्यांनी डोळे मिटले.

"अठ्ठ्याण्णव किलो तीनशे!" मिस्त्री ओरडला.

काटेसाहेबांनी डोळे उघडले. पेटीवर खरोखर तोच आकडा होता. मिस्त्रीचा चेहरा उजळला होता; त्याची भिंत खरी ठरली होती. कंपनीच्या माणसाने पेन उघडून फॉर्म पुढे केला. हेडमास्तर म्हणाले, "मी म्हणतच होतो." काकू मात्र आकड्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या कपाळाला बारीक आठी पडली होती.

खरं सांगायचं तर काटेसाहेबांना त्या क्षणी फार बरं वाटलं. अकरा वर्षांत चढलेले वीस किलो एका झटक्यात माफ झाले होते. फक्त सही करायची होती. त्यांनी पेन हातात घेतलं, आणि तेवढ्यात मागे उभी असलेली एक बाई म्हणाली, "झालं का साहेब तुमचं? माझी रद्दी ठेवायची होती."

तिच्या डोक्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, हातात फुटका पंप आणि दोन लोखंडी तवे. भंगारवाला पुढे होऊन तिचा गठ्ठा उतरवून घेत होता. काटेसाहेबांचं डोकं सवयीने हिशेबाला लागलं. एकशे अठराचे अठ्ठ्याण्णव. सहा किलोंचे पाच. माल विकत घेणाऱ्याचा काटा, सहाला एक किलो खातोय, आणि वर माझा शिक्का. ते खाली वाकले आणि शिक्क्याची तार बोटांनी चाचपली. मागच्या बाजूला ती कापून बारीक पिळा देऊन जोडलेली होती.

"थांबा बाई," ते म्हणाले. "ठेवू नका. हा काटा खोटा आहे."

भंगारवाला हसला. "काय साहेब! तुमचाच शिक्का आहे. आत्ता तुमचंच वजन बरोबर दाखवलं की सगळ्यांसमोर. लावा हवं तर तुमचं वजन."

काटेसाहेबांच्या पिशवीत तपासणीचं एक किलोचं वजन होतं. त्यांनी ते ठेवलं. एक किलो. थोड्या किलोंपर्यंत काटा खरा दाखवावा आणि चोरी त्यापुढे सुरू व्हावी, एवढी अक्कल पेटीत फेरफार करणाऱ्याला होती. मोठी वजनं ऑफिसात, आणि ती आणायला जीप नाही.

"बघा," भंगारवाला म्हणाला. "कशावरून खोटा म्हणता?"

काटेसाहेबांनी मिस्त्रीकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि अनवाणी उभे राहून म्हणाले, "माझं वजन एकशे अठरा किलो आहे."

कुणी हसलं नाही, हे सगळ्यात वाईट. हसले असते तर बरं झालं असतं. मिस्त्रीच्या हातातला खडू तसाच राहिला. कंपनीच्या माणसाने फॉर्म हळूच पाठीमागे नेला.

"हे तुम्ही म्हणता," भंगारवाला म्हणाला. "पुरावा काय?"

"चौकात धान्याचं गोदाम आहे. चला तिथे."

मग ती मिरवणूक निघाली. पुढे हातात बूट घेतलेले काटेसाहेब, मागे भंगारवाला, मिस्त्री, रद्दीवाली बाई गठ्ठ्यासकट, हेडमास्तर, काकू, कंपनीचा माणूस, आणि चौकापर्यंत जाता जाता जे जे जमले ते. गोदामाचा तोलणारा जन्मभर पोती तोलत आलेला. तो आकडा कधी नुसता सांगत नसे, पलीकडच्या कारकुनाला ऐकू जावा म्हणून ठणकावून ओरडत असे. काटेसाहेब काट्यावर चढले आणि त्याने बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली, "एकशेऽऽ अठरा!" आतून कारकुनाने तेवढ्याच जोरात विचारलं, "कुठला माल?" आणि काटेसाहेब उतरून पाठमोरे होतात न होतात तोच तोलणाऱ्याने हातासरशी खडूने त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर ११८ लिहून टाकलं.

आता मात्र चौक हसला. पोट धरून, मनसोक्त. काटेसाहेबांचे कान लाल झाले. पण त्यांनी मागे वळून भंगारवाल्याकडे पाहिलं आणि तो हसत नव्हता. पाच मिनिटांत त्याचा काटा जप्त झाला, पेटीवर चिंधी गुंडाळून लाख लावली गेली. रद्दीवाल्या बाईने आपला गठ्ठा गोदामाच्या काट्यावर फुकटात तोलून घेतला आणि भंगारवाल्याला आकडा तोंडावर सांगितला.

मिस्त्री दुकानात परतला होता. काटेसाहेब दारात जाऊन उभे राहिले. आत जायचा धीर होईना.

"मला का नाही सांगितलंत साहेब?" मिस्त्री म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मी त्या आरेवाल्याला चोर म्हणून आलो."

"लाज वाटली," काटेसाहेब म्हणाले. "चूक माझी आहे. चला, मी येतो तुमच्याबरोबर. आरेवाल्याला मी सांगतो."

आणि ते गेले. आरेवाल्याने सगळं ऐकून घेतलं, काटेसाहेबांच्या पाठीवरचा आकडा वाचला, आणि सगळ्यात जाड आरे काढून दिले. मिस्त्रीने भिंतीवरचे ९८ हाताने पुसले, ११८ लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. कंपनीच्या माणसाने हमी नाकारली, पण करड्या सायकलीचं चाक त्याच्या गाडीत होतं, ते काटेसाहेबांनी विकत घेतलं. निळ्या सायकलीला दवाखान्यातल्या खाटेचं चाक बसलं. सीटखाली जाड नळी आरपार गेली, मधल्या सांध्याला पोलादी पट्टी लागली, ब्रेकची तार बदलली. दिवेलागणीला काटेसाहेब पूल चढून गेले आणि मोटर कण्हली नाही. वर पोचल्यावर त्यांनी घंटी वाजवली. पुलावर कुणी नव्हतं, तरी वाजवली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंसमोर सायकल चालवून, दुमडून, टेबलाखाली सरकवून झाली. किडकिडीत सहकारी म्हणाला, "ते ठीक आहे बाई. पण मोठ्या काट्यांना वजनं लागतात. ती काय सायकलवर नेणार?" प्रश्न रास्त होता. बाई भंगारवाल्याच्या जप्तीचा अहवाल वाचत होत्या. अहवालात एक रकाना असतो, 'चाचणीसाठी वापरलेले प्रमाण वजन.' तिथे काटेसाहेबांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'निरीक्षक स्वतः. ११८ किलो. बूट काढून.'

बाईंनी तो रकाना दोनदा वाचला. मग पेन काढलं आणि तिथेच शेरा मारला. तो शेरा काटेसाहेबांनी नक्कल करून घरी आणला. संध्याकाळी काकूंनी नेहमीपेक्षा लहान ताट मांडलं, तेव्हा त्यांनी कागद पुढे केला.

काकूंनी चष्मा लावून वाचलं. 'बाजाराची फेरी संबंधित निरीक्षकांकडेच राहील. मोठ्या काट्यांची प्राथमिक तपासणी त्यांनी स्वतः काट्यावर उभे राहून करावी. मात्र त्याकरिता निरीक्षकांनी आपले वजन दर तीन महिन्यांनी कार्यालयात पडताळून घ्यावे. त्यात फरक आढळू नये.'

"सरकारी हुकूम आहे," काटेसाहेब म्हणाले, आणि ताट जरा पुढे सरकवलं.

काकूंनी कागदाची घडी घातली. "दुकानात त्या मुलीने विचारलं तेव्हाच मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या पँटा मी शिवायला टाकते."

"मग बोलली का नाहीस?"

"चारचौघांत?" काकू उठल्या आणि फळीवरून मोठं ताट काढून आणलं. वाढता वाढता हात मध्येच थांबला. "आधीच पोटभर झालंय का काही? येताना कुठे खाल्लंत?"

काटेसाहेब खात्याच्या काट्यावर उभे राहिले होते तसेच ताठ बसले.

"गोदामवाल्याने बोलावलं होतं," ते म्हणाले. "दोन प्लेट भजी."

"खरं दोन?"

"तीन."

काकूंनी मान डोलावली आणि तीन प्लेटी वजा करून वाढलं.